पेशींचा थर दुमडतो कसा, आणि तुमच्या मॉडेलमधली घडी अर्ध्यावर का अडते

प्रश्न विचारणारे मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, नोकरीत रोज एफईएम करतात, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे कल्पून तिच्यातले ताण संगणकावर काढतात. मुलीच्या बीएस्सीच्या नोट्समध्ये त्यांनी एक वाक्य वाचलं: पेशी वरच्या टोकाला आकसतात, पाचरीसारख्या होतात आणि त्यामुळे थर दुमडतो. रविवारी हौस म्हणून त्यांनी त्याचं मॉडेल केलं. आयताकृती पेशींची एक रांग घेतली आणि वरची कड आकसवली. उथळ खळगा पडला आणि गाडी तिथेच अडली. नळी काही वळेना. आता ते विचारतात: माझं काय चुकतंय? हे मुळात बकलिंगच, म्हणजे कडेच्या दाबाखाली एकदम वाकणंच, आहे ना? आणि जनुकांना आकार कळतो तरी कसा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं मॉडेल जे दाखवतंय ते बरोबर आहे, नोट्समधलं वाक्य अर्धं आहे. नुसती वरची कड आकसली तर उथळ खळगाच पडायला हवा. फळमाशीच्या अंड्यातही आधी तेवढाच पडतो. पुढचं जे घडतं ते नोट्समध्ये आलेलं नाही.

आधी शब्दांची सोय लावू. अभिस्तर म्हणजे एपिथेलियम: एकमेकींना खेटून बसलेल्या पेशींचा थर. आतड्याचं अस्तर, फुप्फुसांचं अस्तर, लाळग्रंथींच्या नळ्या हे सगळे अभिस्तरच. भ्रूणात मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पट्टीतून तयार होतात तीही अभिस्तरच. अशा पेशीला मी माथा, तळ आणि कुशी अशी नावं देते. माथ्याजवळ शेजारणींशी घट्ट सांधे असतात आणि त्यांना आतून अ‍ॅक्टिनच्या तंतूंचं जाळं चिकटलेलं असतं. मायोसिन नावाचं प्रथिन हे तंतू एकमेकांवरून सरकवतं आणि जाळं आकसतं. आपल्या स्नायूत चालतं तेच हे यंत्र, फक्त शिस्तीत रांगा लावलेलं नाही. तळाला बहुतेक ठिकाणी प्रथिनांचं एक पातळ पटल असतं, आणि थर त्याच्यावर बसलेला असतो.

या विषयातलं सर्वात नीट तपासलेलं उदाहरण फळमाशीच्या पोटाकडच्या घडीचं, म्हणून तेच घेऊ. अंडं साधारण अर्धा मिलिमीटर लांब. घातल्यानंतर 25 अंश सेल्सियसला तीन तासांत त्याच्या सालीलगत सुमारे 6000 पेशींचा एकेरी थर तयार होतो. पेशी सहा-सात मायक्रॉन रुंद आणि तीसेक मायक्रॉन उंच, म्हणजे विटा नव्हेत, खांबच म्हणायला हवेत. मग पोटाच्या मध्यरेषेवरची अठराएक पेशी रुंदीची पट्टी आत जाते. वीसेक मिनिटांत बाहेरून काही दिसेनासं होतं. ती आत गेलेली पट्टी पुढे स्नायू होते.

हे पाहायला लागतं ते सामान घरगुती वाटावं असं आहे. द्राक्षाच्या रसाची अगर घातलेली बशी, तिच्यावर यीस्टचा लेप, त्यावर माशांनी घातलेली अंडी. अर्ध्याने पातळ केलेल्या ब्लीचमध्ये दोन मिनिटं बुडवलं की बाहेरचं टरफल विरघळतं. मग बारीक ब्रशने एकेक अंडं उचलून पोट काचेकडे येईल असं चिकटवायचं, वर तेलाचा थेंब, आणि वाट बघायची. स्क्रीनवर पेशींचे माथे मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी दिसतात. मायोसिनला चमकणारं प्रथिन जोडलेलं असेल तर प्रत्येक माथ्यावर ठिपके उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दूरच्या गावातले दिवे लोडशेडिंगच्या दिवसांत लुकलुकतात तसं वाटलं होतं.

हे लुकलुकणं महत्त्वाचं आहे. फार वर्षं सगळे असं धरून चालले होते की माथ्याच्या कडेने मायोसिनचा पट्टा असतो आणि तो पायजम्याच्या नाडीसारखा आवळला जातो. 2009 मध्ये अ‍ॅडम मार्टिन, मथियास काशुबे आणि एरिक विशाउस यांनी जिवंत भ्रूणात पाहिलं, तर मायोसिन कडेला नव्हे, माथ्याच्या मधोमध गोळा होत होतं. रुमाल टेबलावर पसरून मध्यावर चिमटीत धरा आणि गोळा करा, तसं. तेही सलग नाही. सरासरी सव्वा ते दीड मिनिटाला एक झटका येतो, माथा थोडा लहान होतो, मग जाळं सैल पडतं. पण सैल पडताना माथा पुन्हा पसरत नाही. विहिरीतून पोहरा ओढताना एक हात ओढतो, दुसरा धरून ठेवतो, तसा हा प्रकार. यात ओढणारा आणि धरणारा वेगवेगळे आहेत, हेही त्यातच कळलं. स्नेल हे जनुक काढलं तर झटकेच येत नाहीत. ट्विस्ट काढलं तर झटके येतात, पण माथा प्रत्येक वेळी परत पसरतो. धरणारा हात गेला.

आता तुमच्या मॉडेलकडे. कागद-पेन्सिल घ्या. पेशी 7 मायक्रॉन रुंद, 30 उंच. छेदाचं क्षेत्रफळ 210. हे क्षेत्रफळ, खरं तर घनफळ, बदलत नाही, कारण पेशी म्हणजे पाण्याची पिशवी. माथा 1 मायक्रॉनपर्यंत आकसला तर आतला ऐवज खाली ढकलला जातो आणि पेशी आधी लांब होते. समजा उंची 40 झाली. मग तळाची रुंदी साडेनऊ येते आणि पाचरीचा कोन जेमतेम 12 अंश. मधल्या बारा पेशींनी एवढं केलं तरी एकूण वळण 146 अंश. अर्धं वर्तुळही पुरं होत नाही. आता त्याच पेशीचा माथा तेवढाच ठेवा, पण उंची 20 वर आणा. तळ 20 रुंद होतो आणि कोन 50 अंशांच्या आसपास जातो. म्हणजे चारच पेशींत अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त वळण मिळालं. हा हिशेब द्विमितीतला, ढोबळ आहे, पण मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. माथा आकसणं ही तयारी असते, घडी घालण्याचं काम होतं ते पेशी पुन्हा आखूड होताना. आणि ते तुमच्या मॉडेलमध्ये नाही.

जिवंत अंड्यात नेमकं हेच दोन टप्प्यांत दिसतं. पहिल्या दहाएक मिनिटांत पेशी लांब होतात, केंद्रकं खाली सरकतात, पृष्ठभागावर नुसता खळगा असतो. मग एकदम त्या आखूड होऊ लागतात आणि खळगा खोल जातो. पहिल्या टप्प्याबद्दल 2014 मध्ये बिंग हे ('हे' हे आडनाव) आणि विशाउस यांच्या गटाने एक फार धीट प्रयोग केला. त्यांनी असे भ्रूण घेतले ज्यांत पेशींच्या भिंतीच बनत नाहीत. केंद्रकं आहेत, वरचं आकसणारं जाळं आहे, पण खोल्या नाहीत, सगळा एकच दिवाणखाना. तरी आतलं पेशीद्रव साध्या भ्रूणासारखंच वाहिलं. म्हणजे या टप्प्यात पेशीचा आकार ही पेशीची स्वतःची कर्तबगारी नाही. वरून ताण दिला की खालचा दाट द्रव जसा वाहील तसा तो वाहतो, आणि भिंती त्याच्याबरोबर जातात. तुम्ही पेशीला लवचीक ठोकळा मानलं असेल, तर तो पहिला बदल करा. काही सेकंदांच्या मापाने पेशी रबर आहे, मिनिटांच्या मापाने काकवी. तुमच्या भाषेत, साधं मॅक्सवेल मॉडेल (एका ओळीत जोडलेली स्प्रिंग आणि चिकट दट्ट्या) घेतलं तरी बरंच काम होईल. आणि आकसण्याचं प्रमाण ठरवून देऊ नका, ताण ठरवून द्या. किती आकसायचं ते भोवतालच्या विरोधावरून ठरू द्या.

दुसऱ्या टप्प्यात पेशींना आखूड कोण करतं? इथे एकच खलनायक पकडता येत नाही. पेशींच्या कुशीवरही थोडं मायोसिन येतं आणि माथा-तळ जवळ ओढतं. तळाचं मायोसिन त्याच वेळी नाहीसं होतं, त्यामुळे तळ पसरायला मोकळा होतो. ते तिथेच राहिलं असतं तर वर घट्ट, खाली घट्ट, आणि पेशी बिचारी खांबच राहिली असती. तिसरी गोष्ट म्हणजे शेजार. पट्टीच्या दोन्ही बाजूंचा थर मध्याकडे सरकतो आणि दाब देतो.

2022 मध्ये बिंग हे यांच्याच प्रयोगशाळेतून आलेलं काम मला या सगळ्यात सर्वात आवडतं. त्यांनी प्रकाश टाकून मायोसिनचं काम क्षणात बंद पाडता येईल अशा माशा तयार केल्या. पहिल्या टप्प्यात दिवा लावला तर खळगा लगेच सपाट होतो. पण पेशी आखूड व्हायला लागल्या त्या सुमारास दिवा लावला, तर मायोसिन जातं आणि घडी तरीही आत जात राहते! लहान मुलींच्या केसांना लावायची टिकटॅक पिन आठवा. मधल्या बिंदूपर्यंत बोटाने दाबावी लागते, सोडली तर परत येते. तो बिंदू ओलांडला की स्वतःच टक्कन पलीकडे जाते. थर तसाच दोन स्थिर अवस्थांचा आहे, आणि त्याला पलीकडे नेणारा जोर बाजूच्या थरातल्या दाबातून येतो असं त्यांचं मॉडेल सांगतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'अंशतः हो' असं आहे. सुरुवात बकलिंगने होत नाही, मायोसिनच्या ओढीने होते. पण शेवटी कडेच्या दाबाखाली थर वाकण्याचा भाग त्यात आहे. तुमच्या मॉडेलच्या दोन्ही कडा मोकळ्या आहेत का? असतील तर तो दाब येणार कुठून?

कडांवरून आठवलं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला एका माशीच्या वाणात घडी अर्ध्यावर अडलेली दिसली. रुंद, उथळ, आत जायचं नाव नाही. नवं म्युटंट सापडलं म्हणून मी आठ दिवस हवेत होते. नवव्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या सिनिअरने माझी काच हातात घेतली आणि विचारलं, "टेकू कुठेत?" अंडं साधारण 180 मायक्रॉन जाड असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना कव्हरस्लिपचे तुकडे टेकू म्हणून ठेवायचे असतात. दीड नंबरची कव्हरस्लिप 170 मायक्रॉनची, म्हणजे वरची काच अंड्यावर हलकी टेकते, बस्स. मी टेकू न ठेवता काच दाबून बसवली होती. अंडी पापडासारखी चपटी झाली होती. वाणात काहीही खोट नव्हती. साध्या माशीची अंडी तशीच दाबली, तीही अडली. जनुकं तीच, मायोसिन तेच, फक्त भोवतालची भिंत बदलली आणि घडी बदलली. त्या वेळी लाज वाटली होती. आता नव्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग मुद्दाम करायला लावते.

बकलिंगची निखळ उदाहरणं हवी असतील तर माशी सोडून कोंबडीच्या पिलाकडे या. आतडं सुरुवातीला सरळ नळी असते आणि पाठीच्या बाजूला मेसेंटरी नावाच्या पातळ पडद्याने जोडलेली असते. नळी भराभर लांब होते, पडदा मागे राहतो. परकराच्या नेफ्याला इलॅस्टिक लावताना ते ताणून धरतात, कापडावर शिवतात आणि सोडतात. कापडाला चुण्या पडतात. तसंच इथे. 2011 मध्ये हार्वर्डमधल्या क्लिफ टॅबिन आणि एल. महादेवन यांच्या गटांनी दाखवलं की पडदा कापून नळीपासून सुटा केला की आतडं सरळ होतं आणि पडदा आकसून लहान होतो. दोघांच्यात भांडण होतं, सोडवलं, दोघं आपापल्या घरी गेले. मग त्यांनी ताणलेला रबराचा पडदा रबराच्या नळीला खरोखर शिवला, आणि नळीला पिलाच्या आतड्यासारखी वेटोळी पडली. नळीचा कठीणपणा, पडद्याचा कठीणपणा आणि वाढीतला फरक एवढ्यावरून वेटोळ्यांची संख्या आणि आकार आधीच सांगता आला. कोंबडीतच नव्हे, लाव्यात, झेब्रा फिंचमध्ये आणि उंदरातही.

आतड्याच्या आतलं मखमली अस्तरही असंच. पिलात आठव्या दिवसाच्या सुमारास नळीभोवती गोल स्नायू तयार होतात. आतला थर वाढत असतो, बाहेरून पट्टा आवळलेला. बाहेर जायला वाव नाही म्हणून आत लांबट वरंबे उठतात. तेराव्या दिवशी लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू येतात, आता त्या दिशेनेही वाव संपतो, आणि वरंबे नागमोडी होतात. सोळाव्या दिवसाच्या सुमारास आणखी एक स्नायूथर येतो आणि नागमोडी वरंब्यांचे सुटे उंचवटे होऊ लागतात. 2013 मध्ये एमी शायर आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं, आणि स्नायू सोलून काढले तर आतल्या घड्या सैल पडतात हेही दाखवलं. उंदरात मात्र उंचवटे सरळच उगवतात. तिथे अस्तराखालच्या पेशींचे पुंजके आधी जमतात. प्राणी बदलला की पद्धत बदलते, हे या क्षेत्रात पदोपदी भेटतं.

मऊ पायावर बसलेल्या ताठ थराला सुरकुत्या किती अंतरावर पडतील याचं सूत्र तुम्हाला माहीत असेलच: अंतर थराच्या जाडीच्या सरळ प्रमाणात, आणि दोन्हींच्या कठीणपणाच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात. हे घनमूळ फार कामाचं आहे. कठीणपणाचं गुणोत्तर आठपट चुकलं तरी अंतर दुप्पटच चुकतं. जाडी दुप्पट चुकली तरी तेवढंच. म्हणून आम्ही जाडी जीव लावून मोजतो. कठीणपणाबाबत मी विद्यार्थ्यांना फार छळत नाही.

यातला एक ताजा तपशील तुम्हाला इंजिनिअर म्हणून नक्की भावेल. फळमाशीच्या भ्रूणात डोकं आणि धड यांच्या मधोमध एक आडवी घडी पडते. ती पडते आणि थोड्या वेळाने उलगडून जाते. तिच्यातून कोणताही अवयव बनत नाही. वर्षानुवर्षं आम्ही वर्गात ती दाखवायचो आणि पुढे सरकायचो. 2025 मध्ये नेचर या नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांचे निबंध आले. ती घडी पडू दिली नाही, तर धडाची पट्टी लांब होताना आणि डोक्याकडच्या पेशी विभागून पसरताना दोन्हींचा दाब मधे साठतो आणि थर तिथे वेड्यावाकड्या सुरकुत्यांनी फुगतो. थोडक्यात, ती घडी म्हणजे पुलावरचा एक्स्पान्शन जॉइंट. तिचा उपयोगच बकलिंग टाळायला आहे. काही माशीवर्गीय कीटकांत ही घडी नसते, आणि त्यांतल्या एकाने वेगळी युक्ती काढली आहे: डोक्याकडच्या पेशी विभागताना पसरण्याऐवजी उभ्या दिशेने विभागतात, म्हणजे जागाच कमी लागते.

तर एकच दिसणारी घडी माथ्याच्या ओढीने पडू शकते, कुशीच्या ओढीने, तळ सैल पडल्याने, कडेच्या दाबाने, किंवा मधल्या काही पेशी मरताना शेवटची ओढ देऊन जातात तिनेही. शेवटचा प्रकार माशीच्या पायाच्या सांध्यात होतो. मॅगली सुझान यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवला. मग कोणत्या घडीमागे काय आहे हे ओळखायचं कसं? नुसतं बघून नाही. एफईएमवाल्यांसाठी यातला सर्वात बोधक निबंध 1995 चा आहे. लान्स डेव्हिडसन, मिमी कोल, रे केलर आणि जॉर्ज ऑस्टर यांनी समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिनच्या) भ्रूणातला खळगा घेतला आणि त्याबद्दलच्या पाच वेगवेगळ्या कल्पनांची पाच मॉडेलं केली. पाचांनीही खळगा पाडून दाखवला! फक्त प्रत्येकाला पेशी आणि भोवतालचं आवरण यांच्या कठीणपणाचं गुणोत्तर वेगळं लागत होतं. मग त्यांनी बसून खऱ्या भ्रूणाचा कठीणपणा मोजला आणि 1999 मध्ये काही कल्पना निकालात काढल्या. मॉडेलचं चित्र खऱ्या चित्राशी जुळलं म्हणून खूश होणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, स्वतःला धरून.

आम्ही मुख्यतः कापतो. लेझरने थरात दोन-चार मायक्रॉनचा छेद घ्यायचा आणि कडा किती वेगाने दूर जातात ते मोजायचं. ताण जास्त तर वेग जास्त. इथे एक सापळा आहे: वेगावरून थेट ताण मिळत नाही, ताण आणि भोवतालचा चिकटपणा यांचं गुणोत्तर मिळतं. दोन ठिकाणचे वेग वेगळे आले आणि चिकटपणा वेगळा असेल तर निष्कर्ष वाऱ्यावर. म्हणून मी एकाच जागी दोन दिशांना छेद घेऊन तुलना करणं पसंत करते. माशीच्या पोटपट्टीत अशा छेदांवरून कळलं की ताण डोके-शेपटीच्या दिशेने जास्त आहे. अंडं लांबट आहे, त्या दिशेने शेजारून सैल सुटत नाही. आडव्या दिशेने बाजूचा थर सरकून येतो. म्हणून माथे आडव्या दिशेनेच जास्त आकसतात, आणि गोल खड्डा न पडता लांब चर पडतो. तुमचं मॉडेल द्विमितीतलं असल्याने हा प्रश्न तुम्हाला पडणारच नाही, पण त्रिमितीत गेलात तर पहिल्याच दिवशी पडेल.

जनुकांना आकार कळतो कसा? कळत नाही. ट्विस्ट आणि स्नेल पोटाकडच्या पेशींत चालू होतात. ट्विस्टमुळे फॉग नावाचं प्रथिन बाहेर सोडलं जातं आणि टी48 माथ्यावर बसतं. त्यांच्या निरोपाने माथ्याजवळ आरएचओ हे स्विच चालू होतं. ते मायोसिनला कामाला लावतं. या साखळीत कुठेही 'चर' असा शब्द लिहिलेला नाही. लिहिलंय ते एवढंच की कुठे, कधी आणि किती जोराने ओढायचं. फॉग काढून टाकलं तर पोटाची घडी उशिरा आणि गबाळी पडते, पण पडते. शेपटीकडची दुसरी घडी मात्र पडतच नाही. 2018 मध्ये हायडेलबर्गमध्ये स्टेफानो दे रेन्झिस यांच्या गटाने प्रकाशाने आरएचओ चालू करण्याची सोय केली आणि भ्रूणाच्या पाठीकडे, जिथे ही घडी कधीच पडत नाही, तिथे प्रकाशाचा ठिपका टाकला. तिथला थरही आत वळला. ट्विस्ट-स्नेल नसतानाही.

एक जुनी आठवण इथे चपखल बसते. 1874 मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी रबराची नळी वाकवून मेंदूच्या घड्या समजावायचा प्रयत्न केला, तर जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी त्यांची टर उडवली. उत्क्रांतीचा इतिहास सांगितला की आकाराचं कारण सांगून झालं, असं हेकेल यांना वाटे. आज आमच्या प्रयोगशाळांत रबरी नळ्या आहेत, हे हिस यांनी बघायला हवं होतं.

मुलगी बीएस्सीला आहे म्हणता, तर तिला एक गोष्ट डोळ्यांनी बघता येईल. पुण्यात विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरच्या कामाची परंपरा रुजवली, आणि अनेक कॉलेजांत अजूनही प्रॅक्टिकलला ती अंडी येतात. उबवायला ठेवलेलं अंडं साधारण सव्वा दिवसाने उघडलं, तर पिवळ्या बलकावर चपलेच्या तळव्यासारखी पट्टी दिसते आणि तिच्या मधोमध दोन वरंबे एकमेकांकडे झुकलेले दिसतात. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी बंद होताना ती बघत असेल. इथे मधल्या सांध्यातल्या पेशी पाचर होतात त्याचं एक कारण माशीहून वेगळं आहे: त्यांची केंद्रकं जास्त वेळ तळाला रेंगाळतात, त्यामुळे तळ रुंद होतो. बाजूच्या भागात श्रूम3 नावाचं प्रथिन माथे आकसवतं. ते नसलेल्या उंदरांत वरंबे बाहेरच्या बाजूला अळंबीसारखे उमलतात, म्हणून ते नाव. शिवाय पूर्ण पट्टीने अरुंद आणि लांब व्हावं लागतं, नाहीतर दोन वरंबे एकमेकांपासून इतके दूर राहतात की कितीही झुकले तरी भेटत नाहीत. माणसात ही नळी गर्भधारणेपासून 28 दिवसांच्या आसपास बंद होते, बऱ्याच बायकांना दिवस राहिल्याचं नुकतंच कळत असतं तेव्हा. म्हणूनच फोलिक अ‍ॅसिडची गोळी मूल हवं असं ठरवतानाच सुरू करायला सांगतात. ज्यांच्या आधीच्या गर्भात हा दोष होता अशा स्त्रियांवरच्या 1991 च्या ब्रिटिश चाचणीत त्या गोळीने तो पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं.

परत मॉडेलकडे. घनफळ पक्कं धरा. पेशींच्या आत रबराऐवजी दाट द्रव भरा. माथ्यावर मधल्या बारा पेशींत ताण द्या, पण सारखा नको. मध्यावर सर्वात जास्त, कडेकडे उतरता. कुशीवर थोडा ताण द्या, तळाचा ताण मधल्या पेशींतून हळूहळू काढून घ्या. दोन्ही कडांना उरलेला थर जोडून वर्तुळ पुरं करा, आणि त्याला बाहेरून न ताणणारं कवच द्या. एवढं केल्यावर खळगा खोल जाऊ लागेल. मग वेगवेगळ्या वेळी माथ्यावरचा ताण शून्य करून बघा, कधी थर परत येतो आणि कधी नाही. तो क्षण पेशी सर्वात लांब असतानाच्या आसपास आला, तर मला आलेख पाठवा. फार आधी किंवा फार उशिरा आला, तर बहुधा कडेचा दाब चुकलाय. तो आधी तपासा.